देणाऱ्याची पत

अळणावर जंक्शनच्या मागच्या वस्तीत एक निवृत्त रेल्वेगार्ड राहत. सारी पेठ त्यांना गार्डकाका म्हणत असे. हुबळी ते मिरज ही लाइन त्यांना स्टेशनाबरहुकूम पाठ होती आणि त्या लाइनीवरच्या गावांच्या गोष्टीही. त्यांच्या शेजारच्या घरातली एक मुलगी पट्टण पंचायतीवर पहिल्यांदाच निवडून आली होती. वॉर्डातले लोक तिला ताई म्हणू लागले होते.

निवडून आल्यावर वर्षभरातच तिच्यापुढे पेच उभा राहिला. वॉर्डात पिण्याच्या पाण्याची नवी पाइपलाइन यायची होती, पण त्या वर्षीच्या पैशात एकाच गल्लीचं काम होणार होतं. वरच्या गल्लीनं तिला मतं दिली होती, खालच्या गल्लीनं तिच्या विरोधात दिली होती. पहिली गल्ली कोणती हे ठरवणारा कागद तिच्या सहीसाठी थांबला होता. कार्यकर्ते म्हणत होते, आपल्या माणसांना आधी. धारवाडच्या एका पुढाऱ्यानं तर निरोपच पाठवला होता, की वॉर्ड नीट मुठीत ठेव, पुढं तुला धारवाडला घेऊ, मग बेंगळुरूला.

ती काकांकडे आली आणि म्हणाली, "काका, मला जन्मभर या दोन गल्ल्यांत अडकून पडायचं नाही. मला मोठं व्हायचंय. मुठीत काही नसेल तर वर कोण विचारणार?"

काका म्हणाले, "बस की जरा. आपल्याच लाइनीवरच्या एका माणसाची गोष्ट सांगतो. तो एवढ्याशा संस्थानातून निघाला आणि नैरोबी, गंगटोक, जकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन, रोम एवढ्या ठिकाणी देशाचा माणूस म्हणून बसला. तो मुठीत काय घेऊन निघाला होता, ते तूच ठरव."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

अळणावरहून गाडी लोंढ्याला जाते, तिथून बेळगाव, घटप्रभा, मिरज. मिरजेच्या पुढं किर्लोस्करवाडी लागते. पूर्वी त्या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातला कारखाना हलवायची वेळ आली, तेव्हा 1910 मध्ये त्यांना इथला माळ एका राजानं दिला. तो राजा म्हणजे औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रं काढणारे, सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले. त्यांचं संस्थान म्हणजे सलग मुलूख नव्हताच. औंध, आटपाडी, कुंडल असे सातारा-सांगलीकडचे तुकडे, आणि एक तुकडा तर विजापूर जिल्ह्यातलं गुणदाळ. म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी रयत. गावं बहात्तर आणि माणसं लाखाच्या आत.

या राजाचा मुलगा आप्पासाहेब पंत. जन्म 1912 चा. ऑक्सफर्डला शिकला, बॅरिस्टर होऊन परत आला. असा राजपुत्र पुढं काय करतो? इंग्रज रेसिडेंटाची मर्जी सांभाळतो, शिकारी करतो, तनखा मोजतो. पण घरी परतलेल्या आप्पांची गाठ बंगळूरच्या सरकारी विजेच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका पोलिश ज्यू इंजिनिअरशी पडली. त्याचं नाव मॉरिस फ्रीडमन. भगवी वस्त्रं घालून तो भारतानंद झाला होता. हा माणूस औंधला आला, बापलेकांशी बोलत राहिला, आणि शेवटी प्रश्न एकच उरला. राज्य रयतेचं आहे असं तुम्ही म्हणता, तर ते तिच्या हवाली का करत नाही?

1938 च्या अखेरीस मंडळी सेवाग्रामला गांधीजींकडे गेली. गांधीजींच्या सल्ल्यानं फ्रीडमन यांनी राज्यघटनेचा मसुदा केला आणि 21 जानेवारी 1939 ला औंधच्या राजानं आपली सत्ता कायद्यानं लोकांच्या हाती दिली. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा साडेआठ वर्षं बाकी होती.

या घटनेचा पाया तळाशी होता. प्रत्येक गावानं आपली पंचायत निवडायची. पंचायतींच्या माणसांतून तालुक्याची सभा आणि तालुक्यांतून संस्थानचं विधिमंडळ. गावातला तंटा गावातच ऐकायचा, आणि महसुलातला मोठा वाटा गावाकडेच ठेवायचा. आप्पांनी संस्थानात राहून खेड्यांत काम करावं, असा गांधीजींचा आग्रह होता. आप्पा आधी मंत्री झाले आणि पुढं संस्थानचे पंतप्रधान. पण काम मात्र गावोगाव जाऊन, पारावर बसून, रयतेच्या तक्रारी ऐकण्याचं.

त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीशिवाय, बेडीशिवाय, विश्वासावर शेती करायला सोडलेली वसाहत. याच प्रयोगावरून पुढं ग. दि. माडगूळकरांनी पटकथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' केला. माडगूळकर त्याच माणदेशचे. 

ताईनं मध्येच विचारलं, "पण काका, राजानं दिलं म्हणून लोकांनी लगेच शहाणपणानं वागायचं ठरवलं होय? आमच्या वॉर्डात दोन माणसं एका बाकावर बसत नाहीत."

काका म्हणाले, "दिलं म्हणून भांडणं मिटतात असं कुणी सांगितलं? भांडणारा आता आपल्या घराबद्दल आपणच भांडतो, एवढाच फरक पडतो. आणि तो फरक मोठा असतो. तू करून बघ."

ती काही न बोलता निघून गेली. पुढच्या रविवारी तिनं दोन्ही गल्ल्यांची सभा मारुतीच्या देवळासमोर बोलावली. पाइपलाइनीला किती पैसा आलाय, किती मीटर नळी बसेल, कोणत्या गल्लीत किती घरं, कुठल्या घरातली बाई किती लांबून घागर आणते, सारं मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाली, "सही माझी आहे, पण ठरवायचं तुम्ही. मी लिहून घेते."

सभेत गोंधळ झाला. वरच्या गल्लीतले म्हणाले, मतं आमची आणि पाणी त्यांना, हा कुठला न्याय? खालच्या गल्लीतले म्हणाले, ही नाटकं आहेत, सही कधीच झाली असणार. तिचाच एक कार्यकर्ता सगळ्यांसमोर म्हणाला, पुढच्या वेळी माझं मत धरू नका. अंधार पडेपर्यंत निर्णय झाला नाही. दुसऱ्या रविवारी पुन्हा बसायचं, एवढंच ठरलं.

ती काकांकडे आली ती चिडूनच. "दिलं की हक्क! काय मिळालं? शिव्या. आपले तुटले आणि परके जवळ आले नाहीत."

काकांनी तिला पाणी दिलं आणि गोष्ट पुढं नेली.

8 मार्च 1948 ला औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. राज्य गेलं, पंतप्रधानपद गेलं. पण नेहरूंना औंधचा प्रयोग माहीत होता. त्यांनी आप्पासाहेबांना भारताचे पहिले आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत, नैरोबीला पाठवलं.

तिथं त्यांना काय दिसलं? वर गोरा अधिकारी, तळाला आफ्रिकी माणूस आणि मध्ये दुकान मांडून बसलेला हिंदी व्यापारी. रेल्वे बांधायला गेलेल्यांच्या आणि मागोमाग पोचलेल्या व्यापाऱ्यांच्या पिढ्या तिथं रुजल्या होत्या. आयुक्ताचं काम काय, तर आपल्या माणसांचे हक्क राखायचे. साधा अधिकारी तेवढंच करून परत आला असता. आप्पासाहेबांनी मात्र आपल्याच माणसांना सांगितलं की हा देश आफ्रिकी लोकांचा आहे, त्यांच्या हक्कांच्या आड येऊन मागितलेला आपला हक्क टिकणार नाही. नेहरूंचं धोरणही तेच होतं. पण धोरण दिल्लीत लिहिणं वेगळं आणि नैरोबीत आपल्या व्यापाऱ्यांच्या तोंडावर बोलणं वेगळं. सगळ्यांना ते रुचलं नाही.

त्यांनी आफ्रिकी मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. गांधीजींच्या नावानं तिथं उच्च शिक्षणाची संस्था उभारायच्या कामाला हात लावला. त्यासाठी हिंदी लोकांनी जमवलेला निधी पुढं सगळ्या वंशांच्या मुलांसाठी असलेल्या नैरोबीच्या रॉयल टेक्निकल कॉलेजात घातला गेला, आणि त्या कॉलेजातून नैरोबी विद्यापीठ झालं. जोमो केन्याटा, म्बियू कोइनांगे या पुढाऱ्यांशी त्यांची मैत्री जमली. 20 ऑक्टोबर 1952 ला इंग्रजांनी केनियात आणीबाणी पुकारली, केन्याटांना धरलं. खटल्यात बचावासाठी भारतातून दिवाण चमनलाल गेले. इंग्रजांना हा भारतीय आयुक्त डोळ्यांत खुपू लागला. तक्रारी दिल्लीपर्यंत पोचल्या आणि 1954 मध्ये आप्पासाहेबांना परत यावं लागलं. त्याच वर्षी देशानं त्यांना पद्मश्री दिली. नऊ वर्षांनी, 12 डिसेंबर 1963 ला केनिया स्वतंत्र झाला, आणि ज्याच्याशी मैत्री ठेवली म्हणून इंग्रजांचा रोष ओढवला होता, तो केन्याटा देशाचा पंतप्रधान होता.

"तुला शिव्या एका सभेत बसल्या," काका म्हणाले. "त्यांना गोरे, आपले व्यापारी, दोघांचीही नाराजी सोसावी लागली. पण ज्याचा हक्क होता त्याला ते ओळखून होते."

"मग पुढं काय झालं त्यांचं?"

पुढं 1955 ते 1961 सिक्कीम. गंगटोकला राहून सिक्कीम, भूतान आणि तिबेटातल्या भारतीय कचेऱ्या, सगळ्यांचा कारभार बघायचा. 1956 मध्ये बुद्धजयंतीसाठी दलाई लामा नाथू ला ओलांडून आले, तेव्हा सीमेवरचं काम यांच्याकडे होतं. 1958 मध्ये पंडित नेहरू याकवर, घोड्यावर आणि पायी चालत भूतानला गेले, त्या प्रवासात आप्पासाहेब सोबत होते. राजपुत्र असूनही छोट्या राज्याच्या राजाशी त्यांनी वरच्या पायरीवरून बोलणं कधी केलं नाही, कारण छोटं राज्य म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं.

मग 1961 ला इंडोनेशिया. पुढच्याच वर्षी जकार्तात आशियाई खेळ झाले. इंडोनेशियानं इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही, त्यावर भारताच्या गुरुदत्त सोंधींनी जाहीर हरकत घेतली, आणि 3 सप्टेंबर 1962 ला जमावानं भारतीय वकिलातीवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी आपल्या फुटबॉल संघानं, मैदानभर हुर्यो चालू असताना, दक्षिण कोरियाला हरवून सुवर्णपदक घेतलं. राजदूत आप्पासाहेबच होते. या प्रसंगानंतरही 1964 पर्यंत ते त्याच जकार्तात काम करत राहिले. एक सभा बिघडली म्हणून त्यांनी बोलणं बंद केलं नाही.

ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे दुसऱ्या रविवारी मी बसावंच म्हणता."

"तू लोकांना तसं सांगितलंयस ना? मग बसायलाच हवं."

दुसऱ्या रविवारी माणसं कमी होती आणि आवाज खाली होते. खालच्या गल्लीतली एक म्हातारी उभी राहिली आणि वरच्या गल्लीतल्या टोकाच्या चार घरांची नावं घेऊन म्हणाली की त्या बायकांचे हाल आमच्यापेक्षा जास्त, चढावरून घागर आणतात. मग वरच्या गल्लीतल्याही एकानं खालच्या गल्लीतल्या टोकाच्या घरांचं नाव घेतलं. शेवटी असं ठरलं की एक गल्ली पूर्ण न करता, दोन्ही गल्ल्यांच्या टोकाच्या घरांपर्यंत मुख्य नळी आधी न्यायची, आणि वाटेतल्या घरांचे जोड पुढच्या वर्षी. इंजिनिअरनं नकाशा पाहून होईल म्हटलं. ताईनं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि सगळ्यांसमोर सही केली. रुसलेला कार्यकर्ता त्या दिवशीही आला नाही. धारवाडहूनही पुन्हा निरोप आला नाही.

तिनं हे काकांना सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्यात खंत होती. "धारवाड गेलं हातातनं, काका."

काका म्हणाले, "तुला आता ऑस्लोची गोष्ट सांगतो."

1964 मध्ये आप्पासाहेब भारताचे राजदूत म्हणून नॉर्वेत गेले, 1966 पर्यंत राहिले. नॉर्वे म्हणजे लोकसंख्येनं आपल्या एखाद-दोन जिल्ह्यांएवढा देश. पण संयुक्त राष्ट्रसंघाचा पहिला महासचिव त्याच देशानं दिला होता. ट्रिग्वे ली त्यांचं नाव. सुताराचा मुलगा, आईनं खाणावळ चालवून वाढवलेला. मजूर पक्षात तरुणपणी शिरला, कामगार संघटनांचा वकील झाला, 1935 मध्ये न्यायमंत्री. 1940 मध्ये जर्मनांनी नॉर्वे घेतला तेव्हा देशाची व्यापारी जहाजं शत्रूच्या हाती न पडता दोस्तांच्या बंदरांत जावीत, ही खटपट त्यांनी केली. परागंदा सरकारात परराष्ट्रमंत्री होऊन लंडनमध्ये राहिले. आणि 1946 मध्ये साऱ्या जगाचे महासचिव. कोरियाच्या युद्धात त्यांनी बाजू घेतली तेव्हा रशियानं त्यांच्याशी बोलणंच टाकलं. 1952 मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला.

"एवढं मोठं पद सोडल्यावर तो माणूस कुठं गेला असेल?" काकांनी विचारलं.

"कुठं?"

"घरी. आप्पासाहेब ऑस्लोला पोचले तेव्हा जगाचा हा माजी महासचिव आपल्या लहानशा देशाच्या मंत्रिमंडळात व्यापार आणि जहाजवाहतूक खात्याचा मंत्री होता. खालच्या खुर्चीवर बसायला त्याला कमीपणा वाटला नाही. मी चाळीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलो, पोरी. माझा हिरवा बावटा दिसल्याशिवाय पुढचं इंजिन हलत नव्हतं."

नॉर्वेनंतर इजिप्त, आणि 1969 पासून लंडन. ज्या इंग्रजांनी नैरोबीतून त्यांची पाठवणी व्हावी म्हणून तक्रारी केल्या, त्यांच्याच राजधानीत आप्पासाहेब भारताचे उच्चायुक्त होऊन बसले. 1971 चं बांगलादेश युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत झालं. 8 जानेवारी 1972 ला पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटलेले बांगलादेशचे नेते शेख मुजीब लंडनला उतरले, तेव्हा भारताकडून त्यांना भेटणारा माणूस औंधच्या राजाचा हा मुलगा होता. स्वतःचं राज्य स्वतः रयतेला दिलेल्या घरातला माणूस, मतं मिळूनही राज्य नाकारलं गेलेल्या नेत्यासमोर उभा होता.

आणि त्याच 1972 च्या ऑगस्टमध्ये युगांडात इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. हजारो कुटुंबं दुकानं, घरं, शाळा मागं टाकून लंडनला उतरली. त्यांचा छळ झाला तो एका हुकूमशहाचा गुन्हा होता, त्याची जबाबदारी त्या बिचाऱ्यांवर टाकता येणार नाही. पण वीस वर्षांपूर्वी एका माणसानं पूर्व आफ्रिकेतल्या आपल्या लोकांना सांगितलं होतं, की शेजाऱ्याला त्याचा हक्क मिळवून द्यायला पुढं व्हा, तोच तुमचा आधार होईल. तो सल्ला किती खोलातून आला होता, हे आता कळतं. तो पुस्तकातून आलेला नव्हता. बहात्तर गावांचं राज्य सोडून देताना आलेला होता.

लंडननंतर रोम, आणि 1975 ला नोकरी संपली. पुढच्या आयुष्यात त्यांनी औंधच्या प्रयोगावर पुस्तक लिहिलं. त्यात नायक स्वतःला केलं नाही, वडिलांना केलं. 1992 मध्ये ते गेले.  औंधचा हा एवढासा तुकडा, आणि तिथून काय काय जगात गेलं!

ताईनं विचारलं, "काका, पण त्यांनी राज्य दिलं नसतं तरी ते शिकलेले होते, राजपुत्र होते. त्यांना दूत म्हणून कुणीही पाठवलं असतं."

"पाठवलं असतं," काका म्हणाले. "राजपुत्र पुष्कळ होते आणि बॅरिस्टरही पुष्कळ होते. पण आफ्रिकेतल्या पुढाऱ्यानं त्यातल्या कुणावर विश्वास ठेवला असता? जो येऊन सांगतो की रयतेला राज्य द्यावं, त्याला पहिला प्रश्न हाच येतो की तू दिलंस का? आप्पासाहेबांना त्याचं उत्तर तोंडानं द्यावं लागलं नाही. ते आधीच देऊन आले होते. तुझ्या हातून धारवाड गेलं असेल, बेंगळुरू गेलं असेल. पण त्या म्हातारीनं भर सभेत दुसऱ्या गल्लीचं नाव घेतलं, ते तू तिच्यासमोर कागद उघडा केलास म्हणून. उद्या तू कुठंही जा, त्या दोन गल्ल्यांचा शब्द तुझ्या मागं उभा राहील. आणि कुठंच गेली नाहीस, तरी तो इथं उभाच आहे."

तात्पर्य: सत्ता मुठीत धरून माणूस वरच्या खुर्चीपर्यंत पोचू शकतो, पण खुर्ची गेली की त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. ज्यानं आपल्या दारात, आपल्या माणसांचा रोष पत्करून, दुसऱ्याचा हक्क दुसऱ्याला दिला, त्याचाच शब्द परक्या दारात चालतो. जगात मोठं व्हायचं असेल त्यानं सुरुवात आपल्या गल्लीतल्या सर्वांत लांबच्या घरापासून करावी.